चित्रपटांचा संग्रह आणि जागेचा प्रश्न



विषयाचे नाव ऐकून पुढच्या रांगेतली काही मंडळी हसली. त्यांचे बरोबरच आहे. कामगार युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, फार तर महागाईवर बोलावे. सिनेमे कोठे साठवावेत हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण आमच्या कार्यकारिणीत गेल्या दहा वर्षांत बोनसवर जितके भांडण झाले नसेल, तितके या एका गोष्टीवर झाले. म्हणून ती आपल्यापुढे मांडतो.

आमच्या युनियनच्या कचेरीत रविवारी संध्याकाळी चित्रपट दाखवण्याची चाल आहे. सळईच्या कारखान्यांतले निम्मेअधिक कामगार बिहार-उत्तर प्रदेशाकडचे. एकट्या खोलीत बसून दारू पिण्यापेक्षा चार माणसांत बसून सिनेमा पाहिलेला बरा, एवढाच हेतू. प्रथम तबकड्या होत्या. एका तबकडीत पावणेपाच जीबी मावते, म्हणजे एक चित्रपट. तबकड्यांना ओरखडे पडू लागले, तेव्हा एक टीबीची डबी घेतली. डबी जोडली तर संगणक 931 दाखवतो. आमचा खजिनदार चिडला, दुकानदाराने माप मारले म्हणाला. माप कोणी मारले नव्हते. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि संगणक 1024 च्या. आपल्याकडे कच्चा मण आणि पक्का मण होता, तसलाच हा प्रकार.

तर 931 जीबीत तबकडीच्या प्रतीचे दोनशे चित्रपट बसतात. कोणाला वाटेल, दोनशे म्हणजे पुष्कळ झाले. पण मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसणारी प्रत हवी म्हटले की एकेक चित्रपट पंचवीस-तीस जीबी खातो, आणि त्याच डबीत तीसच मावतात. डबी भरली, दुसरी आणली, तीही भरली. मग कार्यकारिणीत तरुण पोरांनी ठराव मांडला, की जुनी चित्रणे पुसून टाकावीत. कोणती? तर आमच्या सभांची, मे दिनाच्या मिरवणुकांची, कोणी निवृत्त झाला त्या सत्काराची. चाळीसेक तास. "ते कोण पाहतो?" हा त्यांचा प्रश्न. प्रश्न खोटा नव्हता. खरोखरच कोणी पाहत नव्हते.

येथे जालन्याच्या माणसाला वेगळे काही शिकवायला नको. हे बियाण्याचे गाव आहे. आपल्या आजोबांच्या घरी भिंतीत बळद होते, अंगणात पेव होते आणि माजघरात एक लहान मडके राख घालून, तोंड लिंपून ठेवलेले असे. बळदातली ज्वारी संपली तर बाजारातून आणता येई. मडक्यातले बी संपले तर ते वाण गेले. घरात दाणा नसला तरी म्हातारी त्या मडक्याला हात लावू देत नसे. आता सांगा, 'शोले' हा दाणा की बियाणे? 'शोले' देशात लाखो ठिकाणी आहे. तो आज पुसला तरी उद्या मिळेल. आणि जुन्या साध्या कॅसेटवर एका लग्नाच्या फोटोवाल्याने घेतलेली आमची पगारकराराची सभा? ती जगात एकाच ठिकाणी आहे. पोरे बियाणे विकून दाणे भरायला निघाली होती.

हे मी नुसते भावनेने म्हणत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण वाचनालयाचा उंबरठा बराच झिजवला आहे. 'आलम आरा', 1931 सालचा आपला पहिला हिंदी बोलपट. आज त्याची एकही प्रत कोठे उरलेली नाही. फाळक्यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' पुरा पाहायला मिळत नाही, तुकडेच मिळतात. का? जुन्या फिल्मच्या थरात चांदी असते. चित्रपट चालून झाला की ती काढून घ्यायची आणि फिल्म भंगारात टाकायची, असे कितीतरी चित्रपटांचे झाले. भंगार म्हणजे काय, हे भंगारावर भट्ट्या चालवणाऱ्या गावाला मी काय सांगू! त्या लोकांनाही "हे आता कोण पाहतो?" असेच वाटले असणार.

पुण्यात 1964 साली सरकारने चित्रपटांचे संग्रहालय काढले. पी. के. नायर नावाच्या गृहस्थांनी 1991 मध्ये निवृत्त होईपर्यंत मिळेल तेथून फिल्म गोळा केली. त्या पुण्यातच जानेवारी 2003 मध्ये नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. ही फिल्म पेटली की पाण्याखालीही जळत राहते. 'प्रभात'च्या मूळ प्रती तीत गेल्या. तरीही 1936 चा 'संत तुकाराम' आपण आज पाहतो, तो त्याची नक्कल दुसऱ्या फिल्मवर होती म्हणून. आपल्या जिल्ह्यातल्या जांबेचे समर्थ घ्या. त्यांचा ग्रंथ मठामठांतून उतरवून घेतला गेला. एक मठ पडला तरी दुसऱ्यात बाड होते.

म्हणून आम्ही ठराव फेटाळला आणि नियम केला. बाजारात मिळणारा चित्रपट आवडीचा असला तरी एकाच प्रतीत ठेवायचा, आणि लहान करून ठेवायचा. नव्या पद्धतीने दाबला तर निम्म्या जागेत जवळजवळ तसाच दिसतो. वर्षभरात कोणी मागितला नाही तर काढायचा. आमचे स्वतःचे चित्रण मात्र दाबायचे नाही. दुधाचा खवा झाला की त्याचे पुन्हा दूध होत नाही. त्याच्या तीन प्रती: दोन कचेरीत निरनिराळ्या डब्यांवर, तिसरी अंबडला एका सभासदाच्या घरी. कचेरीला आग लागली तर अंबडला लागत नाही. डबीत चकती फिरत असते, ती चार-पाच वर्षांत थकते आणि टेबलावरून पडली तर त्याच दिवशी संपते. आमची एक पडली आहे. तेव्हा दर मे दिनाला प्रत्येक डबी जोडून पाहायची आणि म्हातारी झालेली बदलायची. बदलण्याचा खर्च वर्गणीतून होतो, आणि त्यावर कुरकुर होते, हेही सांगतो.

पण डब्यांपेक्षा उपयोगी पडली ती एक दोनशे पानी वही. कोणत्या चित्रणात, कितव्या मिनिटाला, कोण बोलतो, हे तीत लिहिले आहे. लिहायला दोन पावसाळे गेले. पोरांना ते कारकुनी काम वाटे. मग एक दिवस एक मुलगी कचेरीत आली. तिचे वडील भट्टीच्या अपघातात गेले, तेव्हा ती दोन वर्षांची होती. घरी त्यांचा एकच फोटो, तोही रेशनकार्डावरचा. वडिलांचा आवाज कसा होता, एवढेच तिला विचारायचे होते. वही उघडली. चौथी कॅसेट, बावन्नावे मिनिट. तो माणूस चार मिनिटे पगारवाढीवर बोलतो, मध्येच अडखळतो, हसतो, आणि 'कॉम्रेड' म्हणताना 'कामरेट' म्हणतो. तिने ती चार मिनिटे सात वेळा पाहिली. पुसा म्हणणारा पोरगाच यंत्रापाशी बसून तिला पुन्हा पुन्हा लावून देत होता.

त्यानंतर कार्यकारिणीत तो ठराव पुन्हा आला नाही. जागेचे भांडण मात्र मिटलेले नाही, कारण आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मोबाइलवर तासाची सभा घेतली की सात-आठ जीबी. कोणी फोर-के लावून ठेवले तर वीसच्या पुढे. भाषण ऐकण्यासाठी वक्त्याच्या मिशीचा केस न् केस दिसण्याची गरज नाही, हे आम्ही आता चित्रण सुरू होण्याआधीच सांगतो. एका सभेची सहा जणांनी सहा चित्रणे दिली, तर चांगले एक ठेवून पाच परत करतो. काही रुसतात.

आपल्यापैकी कोणाच्या घरी जुनी लग्नाची कॅसेट असेल आणि तिच्या शेवटी उरलेल्या फितीवर फोटोवाल्याने एखादा मोर्चा, एखादी सभा घेतलेली असेल, तर ती टाकून देऊ नका. रोज संध्याकाळी सातनंतर आमची कचेरी उघडी असते. उतरवून घेऊन मूळ कॅसेट परत देऊ. फक्त आणताना ती या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.