धंदा बदलण्याचा हक्क
(शेंदूरजनाघाट येथील तरुणांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



मी पेशाने वकील आहे. न्यायालयात उभे राहण्यासाठी मला विधी महाविद्यालयाची पदवी घ्यावी लागली आणि १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे सनद मिळवावी लागली. आज मी ज्या धंद्याविषयी बोलणार आहे त्यास पदवीही लागत नाही आणि सनदही लागत नाही. तो धंदा वेब डेव्हलपरचा, म्हणजे संकेतस्थळे बांधण्याचा होय. संत्र्याच्या बहारावर मजुरी करणाऱ्या किंवा दुकानात राबणाऱ्या तरुणाने स्वतः शिकून हा धंदा धरावा काय, असे मला अनेकांनी विचारले आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली आपल्या जातिभेद निर्मूलनविषयक ग्रंथात या प्रश्नाचे मूळ दाखविले. जातिसंस्था कामाबरोबर कामकऱ्यांचीही वाटणी करते. जुना धंदा बसला तरी ती माणसाला नव्या धंद्यात शिरू देत नाही, आणि त्यातूनच बेकारी वाढते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (छ) ने प्रत्येक नागरिकाला कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क दिला. परंतु हक्क मिळाला म्हणजे कसब मिळाले असे नव्हे. ते ज्याचे त्यानेच कमवावे लागते.

या कसबाचे वैशिष्ट्य असे की, ते झाकून ठेवता येत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने तिचे तंत्र जगाला विनामूल्य खुले केले. एचटीएमएल पानाचा सांगाडा उभारते, सीएसएस त्याला रूप देते व जावास्क्रिप्ट त्यात हालचाल आणते. कोणत्याही पानाचा हा मूळ मजकूर ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतो. ज्यांच्या वाडवडिलांना अक्षरांपासून दूर ठेवले गेले, त्यांनी या गोष्टीचे मोल ओळखावे. अमेरिकेतील क्विन्सी लार्सन हे शिक्षणसंस्था चालविणारे गृहस्थ वयाच्या तिशीनंतर हे शिकले आणि २०१४ साली त्यांनी फ्रीकोडकॅम्प ही विनाशुल्क शाळा काढली.

मीही चाळिशीनंतर, रात्री कचेरी आटोपल्यावर, थोडे शिकलो. माझ्या पक्षकारांच्या तारखांचा एक तक्ता केला. एक कंस मिटवायचा राहिला म्हणून सबंध संध्याकाळ वाया गेली. तक्ता संगणकावर नीट दिसे, पण मोबाइलवर मोडून पडे. चुका शोधण्याची ही चिकाटी हेच या धंद्याचे खरे भांडवल होय.

आता कटू गोष्टीही सांगतो. उत्तम माहिती बहुतांशी इंग्रजीत आहे, तेव्हा इंग्रजीला भिऊन चालणार नाही. केवळ मोबाइलवर हे शिक्षण पुरे होत नाही, संगणक लागतोच. शिवाय २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे साधी पाने क्षणात लिहू लागली आहेत. त्यामुळे नुसती नक्कल करणाऱ्याला विचारणारे कोणी उरणार नाही. यंत्राने लिहिलेले तपासून त्यातील चूक दाखवील, तोच टिकेल.

म्हणून वकील या नात्याने चार गोष्टी सांगतो. पोटाचे काम आज सोडू नका. निदान दोन-तीन कामांचे पैसे हाती येईपर्यंत धीर धरा. नोकरीची हमी देणाऱ्या वर्गाच्या शुल्कासाठी कर्ज काढू नका, आणि कराराचे प्रत्येक कलम वाचल्याखेरीज सही करू नका. काम घेताना मोबदला व मुदत लेखी ठरवा. उद्यम नोंदणी करा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे, लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशीर करणाऱ्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

बंधुभगिनींनो, आपल्या आजोबांना धंदा निवडण्याची मुभा नव्हती. तुम्हांला ती आहे. आज रात्री घरी गेल्यावर एखादे पान उघडा, त्याचा मूळ मजकूर पाहा आणि त्यातील एक ओळ समजून घ्या. संविधानाने दिलेला हक्क वापरण्याची सुरुवात एवढ्यानेही होते.