दप्तराला येणारा वास

(केंद्रातील शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तपासणीसाठी घेतलेल्या वह्यांचा गठ्ठा शिक्षकासमोर येतो, तेव्हा प्रत्येक वही आपल्या घराचा काही अंश बरोबर घेऊन येते. चुलीशेजारच्या फळीवर ठेवलेल्या वहीला लाकडाच्या धुराचा वास असतो. गोठ्याच्या भिंतीला टांगलेल्या दप्तराला वैरणीचा. आणि वडिलांच्या किराणा दुकानात बसून अभ्यास करणाऱ्या मुलीच्या वहीला हिंगाचा व साबणाचा. हे सर्व वास शिक्षक ओळखतो आणि त्यांचे त्याला काही वाटत नाही. परंतु एखादी वही उघडताच विडीचा शिळा, कडवट वास आला, म्हणजे त्या मुलाविषयी शिक्षकाच्या मनात काही निराळेच येते. ते मनात यावे की न यावे, आणि आल्यावर शिक्षकाने काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

एका डोंगराळ भागातील दोनशिक्षकी शाळेत घडलेला प्रकार येथे सांगण्यासारखा आहे. चौथीतील एका मुलाच्या अंगाला व दप्तराला विडीचा वास येतो, अशी कुरकुर पावसाळ्याच्या आरंभी वर्गात सुरू झाली. प्रथम शेजारच्या मुलाने आपले बसकर दूर ओढले. नंतर मधल्या सुटीत त्याला एक टोपणनाव मिळाले. ही गोष्ट वर्गशिक्षकांच्या कानी गेली, तेव्हा मुलगा चोरून विड्या ओढतो, असा त्यांचा समज झाला. त्यांनी सर्वांदेखत त्याचे दप्तर उपडे केले व खिसे चाचपले. दप्तरात विडी नव्हती, काडेपेटीही नव्हती. पाठ्यपुस्तके, दोन वह्या, पेन्सिलीचा एक तुकडा आणि फडक्यात गुंडाळलेली भाकरी एवढाच ऐवज निघाला. मुलाने तो मुकाट्याने परत भरला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईनासा झाला आणि हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागली.

नवव्या दिवशी मुख्याध्यापिका त्याच्या घरी गेल्या. घर एकखणी होते. पाऊस लागून राहिल्यामुळे दार लोटलेले होते. बाजेवर मुलाचे आजोबा बसले होते व त्यांच्या हातात विडी होती. बाजेच्या वरच खुंटीला मुलाचे दप्तर व गणवेश टांगलेला होता. जवळच्या कोनाड्यात काडेपेटी आणि विझवून ठेवलेली दोन-तीन थोटके होती. विडी पुरी न ओढता विझवावयाची आणि पुन्हा पेटवावयाची, ही सवय खेड्यात सर्वत्र आहे, आणि थोटकाचा वास पेटत्या विडीपेक्षाही उग्र असतो. बाईंनी कोणाला बोल लावला नाही. पावसाची व पिकाची चौकशी केली, चहा घेतला आणि मग खुंटीवरच्या दप्तरातून एक वही काढून म्हातारबाबांच्या हाती दिली.

"आजोबा, ही वही जरा नाकाशी धरा बरं."

"मला तर काहीच येत नाही, बाई," म्हातारबाबा म्हणाले.

ते खोटे बोलत नव्हते. बाईंनी तीच वही शेजारून डोकावलेल्या एका बाईच्या हाती दिली. तिने ती नाकाशी नेली आणि लगेच तोंड फिरवले. म्हातारबाबा काही वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "म्हणजे पोराला शाळेत बोलणी बसली ती माझ्या विडीपायी होय?"

नाकाचा हा धर्म शिक्षकाने नीट समजून घेतला पाहिजे. एकच वास सतत येत राहिला की नाक शिणते व त्याची दखल घेणे सोडून देते. गुऱ्हाळावर राबणाऱ्या माणसाला गुळाचा वास येत नाही. वाटेने जाणाऱ्याला तो दुरून येतो. त्याचप्रमाणे ज्या घरात रोज विडी ओढली जाते, त्या घरातील माणसांना आपल्या कपड्यांचा, अंथरुणाचा व पोराच्या दप्तराचा वास कळत नाही. मुलालाही तो कळत नाही. वर्गातील इतर मुले नाक का मुरडतात, हेच त्याला उमगत नसते. ज्याचा आपल्याला पत्ताच नाही, अशा गोष्टीबद्दल हसू झालेले मूल स्वतःची बाजू मांडणार तरी कशी?

आता हा वास मागे राहतो कसा, ते पाहावयाचे. विडी विझली, धूर दारातून निघून गेला, म्हणजे सर्व संपले असे वाटते. तसे होत नाही. धुरात डांबरासारख्या चिकट पदार्थांचे अतिसूक्ष्म कण असतात आणि निकोटिनची वाफ असते. ही दोन्ही जे समोर सापडेल त्यावर बसतात. भिंत, छताचे वासे, गोधडी, केस, कापड, कागद यांपैकी काही सुटत नाही. कापसाचे सूत आणि कागदाचे तंतू त्यांना विशेष धरून ठेवतात. पुढे दिवसेंदिवस हेच पदार्थ थोडे थोडे सुटून पुन्हा हवेत येत राहतात. हवा दमट असली की वास अधिक जाणवतो. त्यातच पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद असतात व कपडे धड वाळत नाहीत. वर सांगितलेली कुरकुर पावसाळ्याच्या तोंडी सुरू झाली, ती यामुळेच.

शास्त्रज्ञांनी या मागे राहणाऱ्या अंशास एक नाव दिले आहे. ओढणाऱ्याच्या छातीत जातो तो पहिल्या हाताचा धूर, शेजारी बसणाऱ्याच्या छातीत जातो तो दुसऱ्या हाताचा, आणि सर्वजण उठून गेल्यावर वस्तूंवर उरतो तो तिसऱ्या हाताचा. हे नाव सन २००९ च्या सुमारास वैद्यकीय लेखनात रूढ झाले. त्यानंतर सन २०१० मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील प्रयोगशाळेत असे आढळले की, पृष्ठभागावर बसलेल्या निकोटिनचा हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग होऊन नायट्रोसामाइन या जातीची द्रव्ये तयार होतात. या जातीतील काही द्रव्ये कर्करोगास कारण होणारी आहेत. त्याच देशातील सॅन दिएगो येथे सन २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरे सुमारे दोन महिने रिकामी राहून व साफसफाई होऊनही त्यांतील धुळीत व भिंतींवर निकोटिन सापडले. एवढेच नव्हे, तर तेथे नव्याने राहावयास आलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या माणसांच्या बोटांवरही ते आढळले. रांगणारे मूल जमिनीवर हात टेकते व तोच हात तोंडात घालते, म्हणून या अंशाचा संपर्क त्याला मोठ्या माणसापेक्षा अधिक होतो. दुसऱ्या हाताच्या धुराबद्दल तर आता शंकेला जागा उरलेली नाही. मुलांचा दमा बळावणे, कान फुटणे, न्यूमोनिया व श्वासनलिकेचे विकार या सर्वांशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. तेव्हा दप्तराला येणारा वास ही केवळ नाकाला न आवडणारी गोष्ट नव्हे. हे मूल रात्री कोणत्या हवेत झोपते, याची ती खबर आहे.

येथे एक आकडा ध्यानात घेण्यासारखा आहे. सन २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांत धूम्रपान करणारे शेकडा सुमारे ४ आहेत, तर तंबाखू चघळणारे किंवा मिश्री लावणारे शेकडा सुमारे २४. आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा खाण्याचीच चाल मोठी. त्यामुळे वर्गात अनेकांच्या घरी तंबाखू असूनही वास मात्र एखाद्या-दुसऱ्याच मुलाच्या कपड्यांना येतो, आणि तो एकटा पडतो. ज्याचा बाप तंबाखू मळतो तो मुलगाही त्याला हसावयास मोकळा! सोलापुरासारख्या भागात स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. तेथे सुपात तंबाखू असते व तिची धूळ घरभर असते. अशा घरातील मुलीच्या वहीला येणारा वास धुराचा नसून आईच्या कष्टाचा असतो. तेथे वेगळे बोलावे लागेल, आणि फार जपून.

शिक्षकाचे पहिले काम हेच की, वासावरून मुलाच्या वर्तनाचा निवाडा करावयाचा नाही. झडती घेणे हे पोलिसाचे काम आहे. मूल खरोखरच विडी ओढत असेल अशी शंका आली, तरी ती एकांतात विचारावी. वर्गासमोर कधीही नाही. टोपणनाव कानावर आले की त्याच दिवशी बंद पाडावे. वर उल्लेखिलेल्या शाळेत वर्गशिक्षकांनी एक चांगली गोष्ट केली. मुलगा परत आला तेव्हा, ज्या वर्गासमोर झडती झाली होती त्याच वर्गासमोर त्यांनी सांगितले की, आपली शंका चुकीची होती. नंतर त्यांनी सर्व मुलांना आपापली वही हुंगावयास सांगितली. कोणाला आपल्या वहीचा वास आला नाही. शेजाऱ्याच्या वहीचा मात्र प्रत्येकाला आला. नाक शिणते म्हणजे काय, हा धडा त्या दिवशी पुस्तकावाचून झाला, आणि बसकर पुन्हा जागेवर आले.

पालकाशी बोलताना आरंभच "विडी सोडा" असा केला, तर बोलणे तेथेच संपते. पन्नास वर्षांची सवय शिक्षकाच्या एका वाक्याने सुटत नसते. "विडी घराबाहेर ओढा" हे मात्र ऐकले जाते, कारण त्यात माणसाचा अपमान नाही आणि पोराचे हित उघड दिसते. ओट्यावर किंवा पडवीच्या टोकाला नव्हे, तर दारापासून दूर, उघड्यावर. कारण दारातला धूर वाऱ्याबरोबर आतच येतो. थोटके कोनाड्यात ठेवू नयेत. विडी ओढल्यावर हात धुतल्याशिवाय तान्ह्या मुलाला घेऊ नये. दप्तर व गणवेश बाजेवरच्या खुंटीला न टांगता झाकणाच्या पेटीत ठेवावा. पत्र्याची जुनी ट्रंक बहुतेक घरी असतेच. एवढ्याने सर्व धोका टळतो असे नाही, कारण ओढणाऱ्याच्या कपड्यांबरोबर काही अंश घरात येतोच. तरीही मुलाच्या डोक्याशी रात्रभर धूर कोंडून राहणे आणि कोणाच्या सदऱ्याला थोडा वास असणे, यांत मोठे अंतर आहे. कोणी सोडावयास तयार असेल, तर १८००-११-२३५६ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळतो, हे शिक्षकाने सांगून ठेवावे.

काही समजुतीही दूर करणे अवश्य आहे. उदबत्ती लावल्याने वास जात नाही. तो झाकला जातो आणि खोलीत आणखी एक धूर वाढतो. अत्तराची व सुगंधी पावडरीची तीच गत. मागाहून खिडकी उघडल्याने हवेतला धूर जातो, भिंतीवर बसलेला जात नाही. पिवळ्या पडलेल्या भिंतीवर नुसता चुना फासला तर डाग पुन्हा वर येतो. भिंत आधी साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी लागते. कपडे गरम पाण्यात साबणाने दोन-तीनदा धुऊन उन्हात वाळवल्यास वास बराच उतरतो. गोधडीचे मात्र कठीण. ती पाण्याने जड होते व पावसाळ्यात वाळत नाही, म्हणून ती उन्हाळ्यातच धुऊन घ्यावी, आणि अंथरुणात बसून विडी ओढणे अगोदर बंद करावे.

हे सर्व दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी शाळेच्या कार्यालयाकडे एकदा पाहिले पाहिजे. सन २००३ च्या केंद्रीय कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी केली, तीत शिक्षणसंस्था येतात. या बंदीचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्रीही त्याच कायद्याने मना आहे. तसा फलक बहुतेक शाळांच्या भिंतीवर आहे. परंतु शाळा सुटल्यावर कार्यालयात बसलेल्या मंडळींपैकी कोणी विडी-सिगारेट पेटवली, तर तिचा वास दुसऱ्या दिवशी हजेरीपत्रकाला, नकाशांना व कपाटातील पुस्तकांना येतो, आणि मुलांना तो बरोबर कळतो. पाहुणा कोणीही असो, गावचा पुढारी असो की तपासणीला आलेला अधिकारी, त्याला कार्यालयात पेटवू देऊ नये. मधल्या सुटीत कुंपणाबाहेर जाऊन ओढून येणाऱ्या गुरुजींच्या सदऱ्याचा वास पहिल्या बाकावर पोहोचतो, हेही येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. अशा गुरुजींनी पालकाकडे जाण्याचे काम सहकाऱ्याकडे द्यावे, किंवा आपणही सोडण्याचा प्रयत्न करीत आहोत असे पालकास सांगून बरोबरीने बोलावे. दुसरी वाट अधिक परिणामकारक होते, असा अनुभव आहे.

शेवटी ग्रंथालयाच्या पुस्तकांविषयी. वास लागलेले पुस्तक परत आले की काही ठिकाणी त्या मुलाला पुढचे पुस्तक देण्याचे टाळतात. तसे करू नये. कोरड्या दिवशी पुस्तक उभे करून, पाने सुटी करून, व्हरांड्यात सावलीत चार-सहा दिवस वाऱ्यावर ठेवावे. कडक उन्हात ठेवल्यास कागद पिवळा पडतो व बांधणी सुटते. वास पूर्ण गेला नाही तरी पुस्तक वाचण्याजोगे राहते. त्या मुलाला पुढचे पुस्तक देताना बरोबर प्लॅस्टिकची एक जाड पिशवी द्यावी, आणि घरी असताना पुस्तक तिच्यातच ठेवावयाचे, असे त्याला सांगावे. ही पिशवी सर्वच मुलांना द्यावी, म्हणजे ती कोणासाठी आहे, हा प्रश्न उद्भवणार नाही.