साडेबारा हजार किलोमीटर आणि शेवटचे चाळीस
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला न्यू जर्सीहून बोलावलंत, म्हणून तिथून इथवरच्या अंतराबद्दलच बोलतो.

नववीत भूगोलाच्या सरांनी पृथ्वीगोलावर दोरा ताणायला लावला होता, आठवतं? भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली की ती अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. गोलावर ताणलेला दोरा मात्र थेट उत्तरेकडे, आर्क्टिक वृत्ताच्या जवळपास चढतो. तोच सर्वांत जवळचा मार्ग. नेवार्क ते मुंबई हे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर भरतं. थेट विमानाला भारतात यायला साधारण साडेचौदा तास लागतात. जाताना समोरचा वारा असतो, म्हणून तास-दीड तास जास्त. सर, दोरा बरोबर होता!

पण एक हिशेब त्या दोऱ्यात बसला नाही.

जुलै महिना होता. मंगळवारी पहाटे सहाला बाबा गेले. माझ्याकडे सोमवारची रात्र, साडेआठ. त्या रात्रीचं विमान नुकतंच सुटलं होतं. आपल्यातल्याच एकाचा फोन आला, ''थांबायचं का रे तुझ्यासाठी?'' मी एकुलता एक. कागदावर बेरीज केली. पुढचं विमान चोवीस तासांनी, त्यात साडेचौदा तास, मग मुंबईतून बाहेर पडणं. म्हटलं, ''थांबू नका.''

बुधवारी रात्री साडेआठला मुंबईत उतरलो. विमानतळापासून किहीम पाण्यावरून सरळ रेषेत जेमतेम चाळीस किलोमीटर. पण रात्रीची वेळ, त्यात पावसाळा, लाँच बंद. पनवेल, पेण, वडखळ करत, पावसात आणि ट्रकांच्या रांगेत अडकत घरी पोचलो तेव्हा गुरुवारचे दोन वाजले होते. फोन आल्यापासून चव्वेचाळीस तास.

अग्नी चुलतभावाने दिला होता. खांदा तुम्ही दिलात. लाकडं भिजू नयेत म्हणून ताडपत्री धरून कोण उभं होतं, ते मला आईने सांगितलं. ती गेली तीन वर्षं तुमच्याच भरवशावर इथे आहे. हे मी आजवर कुणाला तोंडावर बोललो नव्हतो.

आता सोयी वाढल्या. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो येते. डिसेंबर २०२५ पासून आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. शेवटचे चाळीस किलोमीटर हळूहळू सोपे होतील. तरी बाहेरगावी असलेल्यांना सांगतो, आपल्या घराच्या जवळ कोण राहतं, त्यांचा नंबर जपून ठेवा आणि काम नसतानाही फोन करा.

सरांच्या दोऱ्याचं एक टोक अजून इथेच बांधलेलं आहे. ते धरून ठेवलंत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.