मोत्याची भाकरी कोण मोजतं?

गटाच्या सभांमधून आपण शेळीच्या खुराकावर बोललो, गाभण गाईच्या आहारावर बोललो, कोंबड्यांच्या खाद्याचा हिशेबही घातला. पण दारात बसलेल्या एका जनावराचा हिशेब आपण कधीच मांडत नाही. ते म्हणजे आपलं कुत्रं. मग त्याचं नाव मोत्या असो, वाघ्या असो नाहीतर राणी. ते दूध देत नाही, अंडी देत नाही, म्हणून त्याचं खाणं आपण मोजत नाही. पण रात्री मळ्यात पाऊल वाजलं तर आधी तेच उठतं. घरची माणसं कामाला गेली की म्हातारीच्या सोबतीला तेच असतं. आज आपण त्याच्या वजनाबद्दल बोलणार आहोत.

काहीजणी म्हणतील, कुत्र्याचं कसलं आलंय वजन? गुटगुटीत दिसतंय म्हणजे झालं! गोम इथेच आहे. आपल्याकडे कुत्र्याला घास घालणं हे पुण्याचं काम. खंडोबाजवळ कुत्रं असतं, दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. ती माया खरीच आहे. पण गोष्टीतलं कुत्रं पळत होतं आणि आपलं दिवसभर साखळीला बांधलेलं असतं. त्याला रोज तूपभाकरी घातली तर ती जिरायची कुठे?

आधी आपलं कुत्रं जाड आहे की वाळलेलं, हे ओळखू या. डोळ्यांवर जाऊ नका, केसाळ कुत्र्यात तर काहीच दिसत नाही. हातानं बघा. आत्ता ऐकता ऐकताच करा. एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंच सांध्यांवरून फिरवा. हाडं टोचतात ना? कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर ते फार वाळलंय. आता मूठ उघडून हात सपाट धरा आणि पालथ्या हातावरून बोटं फिरवा. हाडं कळतात, पण वर पातळसं आवरण आहे. बरगड्या अशा लागल्या तर वजन बरोबर. आता हात उताणा करून अंगठ्याखालचा मांसल भाग दाबा. हाड सहज लागतच नाही. बरगड्यांवर तसं लागलं तर चरबी चढली आहे.

आणखी दोन खुणा आहेत. कुत्रं उभं असताना वरून बघा, बरगड्यांमागे कंबर थोडी आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूनं बघा, पोट छातीपेक्षा वर उचललेलं असलं पाहिजे. पाठ पाटासारखी सपाट आणि पोट लोंबतं असेल तर समजून घ्या. मात्र कारवानी आणि पश्मी ही पळणारी शिकारी कुत्री मुळातच सडसडीत असतात. त्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या म्हणून त्यांना खाऊ घालून फुगवू नका.

आता जाड झालं तर बिघडतं काय? अमेरिकेत लॅब्रॅडोर जातीच्या ४८ पिल्लांवर एक लांबलचक अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, त्याच्यापेक्षा चतकोर हिस्सा कमी दुसऱ्याला, असं जन्मभर चालवलं. कमी खाणारी, अंगानं हलकी राहिलेली कुत्री साधारण दोन वर्षं जास्त जगली. त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा, फार तर चौदा-पंधरा वर्षांचं. त्यातली दोन वर्षं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. चरबी चढलेल्या कुत्र्याला वैशाखातलं ऊन सोसत नाही. आणि जे उठतानाच कण्हतं, ते राखण काय करणार?

आता मोत्याचा एक दिवस बघू. सकाळी दादा चहात बुडवून चपाती देतात. शाळेत जाताना पोरं चार-चार बिस्किटं टाकतात. दुपारी सूनबाई शिळी भाकरी आणि कालवण घालते. चार वाजता आजी स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी तूप लावून देते. संध्याकाळी शेजारीण उरलेला भात आणते. आणि रात्री शेवटच्या पिठाची चानकी असतेच. यातलं कोणीच जास्त घातलं नाही. प्रत्येकाला वाटतं, मी एवढंसं तर दिलं. पण मोत्याच्या पोटात सहा हातांचं गेलं.

थोडा हिशेब करू. पंधरा किलोचं, फारसं न पळणारं गावठी कुत्रं धरा. त्याला दिवसभरात मध्यम आकाराच्या दोन भाकरी, दोन उकडलेली अंडी आणि थोडं पातळ ताक एवढं साधारण पुरतं. अंडी नसतील तर शिजवलेली बिनमसाल्याची डाळ किंवा हाडं काढलेलं मटण-मासळी चालेल. नुसत्या भाकरीवर ठेवू नका, त्याला अंगात मांस धरायला प्रथिनं लागतात. आता वरचं बघा. दहा-बारा छोटी ग्लुकोज बिस्किटं म्हणजे जवळजवळ एक भाकरी. दोन मोठे चमचे तूप म्हणजेही जवळजवळ एक भाकरी. आणि एवढ्याशा जिवाला एक भाकरी जास्त होणं म्हणजे आपण रोज दोन-अडीच भाकरी जास्त खाण्यासारखं आहे.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, एक हात आणि एक भांडं. घरात कोणी घालायचं ते ठरवा. दिवसाचं सगळं खाणं सकाळीच एका डब्यात काढून ठेवा आणि त्यातूनच दोन वेळा घाला. आता आजीला कसं सांगायचं? आजीला नाही म्हणू नका. आजीचा चतकोर त्याच डब्यातला ठेवा, आजीच्या हातानं द्या. पोरांनाही बिस्किटाऐवजी त्या डब्यातलाच तुकडा द्या. कुत्र्याला तुकड्याच्या आकाराशी देणंघेणं नसतं, कोणीतरी आपल्याला हातानं भरवतंय याचंच त्याला अप्रूप.

दुसरं, कमी हळूहळू करा. आधी चहा, बिस्किटं, तूप बंद. दोन आठवडे थांबा. फरक पडला नाही, तर रोजच्या भाकरीतला चतकोर कमी करा. भूक फार दिसली तर उकडलेला दुधी, लाल भोपळा, गाजर किंवा कच्ची काकडी मिसळा. पोट भरतं आणि चरबी चढत नाही. वीस किलोच्या कुत्र्याचं वजन आठवड्याला दोनशे ते चारशे ग्रॅमनं उतरलं तर ते योग्य. म्हणजे पाच किलो उतरायला चार-पाच महिने लागणारच. उपास मात्र घडवू नका.

तिसरं, साखळी सोडा. सकाळी ऊन चढायच्या आत शेतात जाताना त्याला बरोबर न्या. जाड कुत्र्याला एकदम पळवू नका, बांधाबांधानं चालवा. आज दहा मिनिटं, पुढच्या आठवड्यात पंधरा.

वजन मोजायलाही सोपी युक्ती आहे. भुसार दुकानातल्या मोठ्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभ्या राहा, मग एकट्या उभ्या राहा, आणि वजाबाकी करा. तेही जमत नसेल तर जुन्या साडीच्या काठाची पट्टी घ्या. कुत्र्याच्या कमरेभोवती धरून जिथं टोक जुळेल तिथं पेनानं खूण करा. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी मोजा. खूण आत सरकली की वजन उतरतंय.

काही गोष्टी जाड-बारीक कुठल्याच कुत्र्याला घालू नका. कांदा आणि लसूण त्याच्या रक्ताला घातक आहेत, म्हणून फोडणीचं कालवण नको. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे नकोत. शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नकोत. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात आणि आतडं फाडू शकतात. दूधही बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, ढाळ लागते.

आता उलट बाजू. वस्तीवरची कितीतरी कुत्री जाड नसून वाळलेली असतात. खाऊनही अंगाला लागत नसेल तर बहुतेक वेळा पोटात जंत असतात नाहीतर अंगावर गोचीड. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध लागतं. ते वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्या. पाजणाऱ्या कुत्रीला पिल्लं तीन-चार आठवड्यांची असताना नेहमीच्या दुपटी-तिपटीनं खाणं लागतं. तिची भाकरी मोजू नका. वाढत्या पिल्लाचं खाणंही आपल्या मनानं तोडू नका. नसबंदी केलेल्या कुत्र्याला मात्र पूर्वीपेक्षा कमी खाणं पुरतं. ऑपरेशननं जाड झालं असं लोक म्हणतात, पण जुनंच माप चालू ठेवल्यानं ते जाड होतं.

आणि हे लक्षात ठेवा. पोट फुगलंय पण पाठीची हाडं दिसतात, खाणं तेच असून कुत्रं वाळत चाललंय, फार पाणी पितंय, किंवा कमी खाऊनही फुगतंय, तर ते खाण्याचं काम नाही, दुखणं आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. नेलंच आहे तर पिसाळीची वर्षाची लस झाली का, तेही विचारून घ्या.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीपर्यंत दोन कामं करू या. आज संध्याकाळी कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायचा. आणि एक दिवस, फक्त एक दिवस, त्याच्या पोटात कोणाकोणाच्या हातून काय गेलं ते वहीत लिहायचं. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशानं रेघा ओढा. बचतीचा पैसा न् पैसा मोजणाऱ्या आपण, आपल्या राखणदाराचा घासही मोजू शकतो. त्याला कोणी विचारत नाही, आणि त्याला सांगताही येत नाही.