व्हायोलिनचा षड्ज

गिटार वाजवणाऱ्या मुलांना तारांचा मेळ बदलण्याचं भारी वेड. नेहमीचा मेळ मोडून डी-ए-डी-जी-ए-डी लावला, की नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी घर भरून जातं. व्हायोलिनची घोडी कमानदार. गज एका वेळी एका, फार तर दोन तारांवर फिरतो. मग तिथं मेळ बदलायचा कशाला?

आपल्याकडे तो बदलला षड्जासाठी. पाश्चात्त्य व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई. प्रत्येक पुढची तार मागचीचा पंचम. आपल्या वादकांनी त्या प-सा-प-सा किंवा सा-प-सा-प अशा लावल्या. खालच्या जोडीवर जी बोटं, तीच वरच्या जोडीवर, एक सप्तक चढून. शिवाय साथीला बसलं की गवयाचा सा तोच आपला, मग तो काळी एक असो की पांढरी चार. गिटारवाला कॅपो लावून मोकळा होतो. व्हायोलिनवाल्यानं खुंट्या पिळायच्या; जास्त चढवली तर तार तुटते, जास्त उतरवली तर गजाखाली घरघरते.

विष्णु दिगंबर पलुसकरांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुसकर यांना अशी साथ करणारे दामोदर केशव दातार पुढे गायकी अंगाचे, म्हणजे गळ्यासारखं वाजवणारे, व्हायोलिनवादक म्हणून नावाजले.

या गायकी अंगाची खरी परीक्षा मालकंसात. तिथं पंचम वर्ज्य. तंबोऱ्याची तार पंचमावरून मध्यमावर उतरवली की झालं. व्हायोलिनवर तसं केलं, तर मोकळ्या तारेपासून अर्ध्या स्वरावर असलेला कोमल धैवत दीड स्वरावर जातो. पडदे नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं मुरलेलं बोट जुन्याच जागी पडतं. म्हणून पुष्कळ जण पंचम तसाच ठेवतात आणि ती तार मोकळी वाजू देत नाहीत. मला हेच शहाणपणाचं वाटतं.

साल्झबुर्गच्या संगीतकार बीबरला हे पटलं नसतं. सतराव्या शतकात त्यानं व्हायोलिनसाठी पंधरा सोनाटा रचले. पहिला सोडला तर एकालाही नेहमीचा मेळ नाही. अकराव्यात तर मधल्या दोन तारांची चक्क अदलाबदल!

आणि आपला सारंगिया? मुख्य तारा तीनच, पण खाली पस्तीसेक तरफा, त्याही रागागणिक जुळवायच्या. मैफल सुरू व्हायला उशीर झाला, की लोक आधी त्याच्याकडेच बघतात.