पाणी सोडणाऱ्याची खुर्ची

अभियंते, कर्मचारी आणि नांदेड-लातूरहून आलेल्या मित्रहो,

अध्यक्षानं आधी मान्यवरांची नावं घ्यावीत, असा रिवाज आहे. पण नळ आला की आपल्याकडे हातातलं काम टाकून उठतात, म्हणून मीही थेट पाण्यावरच येतो.

12 एप्रिल 2016. मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला पोचली. मांजरा धरण आटलं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. पुढे वाघिणी पन्नास झाल्या, फेरीला पाणी 25 लाख लिटर. रेल्वे, महसूल, पोलीस, पाणीपुरवठा असे सगळे एका तालावर पळाले. अशा वेळी हुकूम सोडणारा साहेबच लागतो. तिथं चर्चासत्रं भरवून चालत नाही. पण जमिनीखालच्या पाइपची गळती रेल्वेनं थांबत नाही. टंचाईत शोभलेली ती ऐट साहेबानं पाऊस पडल्यावरही उतरवली नाही, की खात्याचं बिघडायला लागतं. खालचा माणूस मग विचारायचं सोडतो आणि आदेशाची वाट बघत बसतो.

लातूरनं दुसरंही एक पाहिलं आहे. 2008 मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्याचं व्यवस्थापन दहा वर्षांसाठी खासगी कंपनीकडे सोपवलं गेलं. मीटर आणि दर यांवरून लोक रस्त्यावर उतरले आणि करार मुदतीआधीच गुंडाळावा लागला. खासगी की सरकारी, हा वाद आपण त्यावर पुष्कळ घातला. मला वाटतं, चूक आधीच झाली होती. ज्याच्या दारात मीटर बसवायचा, त्याच्या ओट्यावर कुणी बसलंच नव्हतं.

उलट उदाहरण कंबोडियाचं. नॉम पेन्ह शहराच्या जलप्राधिकरणाची सूत्रं एक सोन्न चान यांच्याकडे 1993 मध्ये आली, तेव्हा शंभर लिटरमागे 72 लिटर पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. पुढं ते प्रमाण सहाच्या आसपास आलं. बड्या अधिकाऱ्यांच्या घरीही त्यांनी मीटर बसवले. एका सेनाधिकाऱ्यानं तर त्यांच्यावर बंदूक रोखली होती. गळती शोधणाऱ्यांना बक्षिसं दिली, पैसे खाणाऱ्यांना घरी पाठवलं. 2006 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची कारकीर्द: 2012 पर्यंत, जवळजवळ दोन दशकं, माणूस तिथंच होता. आपल्याकडे साहेबाला शहराच्या पाइपचा नकाशा कळेपर्यंत बदलीची ऑर्डर येते! लांब कशाला, कराडजवळच्या मलकापुरात जीवन प्राधिकरणानं मीटर आणि टप्प्यांचे दर लावून चोवीस तास पाणी दिलंच की. आणि गोदाकाठच्या नांदेडात, उन्हाळ्यात विष्णुपुरी धरणातला अवैध उपसा रोखायला पथकं फिरवावी लागतात. नदी उशाशी असली म्हणून कारभार आपोआप सुधारत नाही.

आता माझी चूक सांगतो. तरुणपणी एका नगरपालिकेत होतो. एका पेठेत पाणी चढत नव्हतं. मी कागदावर हिशेब मांडला आणि मोठा पंप बसवून घेतला. तोटीची धार करंगळीएवढीच राहिली. शेवटी आमच्या व्हॉल्व्हमननं चौकात लोखंडी चावी डांबरावर टेकवली, दांड्याला कान लावला आणि म्हणाला, “इथं खाली व्हॉल्व्ह हाय. अर्धा बंद.” रस्ता करताना तो गाडला गेला होता. आधी का नाही सांगितलंस, असं मी वरच्या आवाजात विचारलं. तो म्हणाला, “मागच्या सायबांना दोनदा सांगितलं. ते म्हणले, लेखी दे. मला लिहिता येत न्हाई.”

खड्डा खणला, व्हॉल्व्ह फिरवला. संध्याकाळी त्या पेठेतल्या बाया हौद भरून वाहतो म्हणून ओरडत होत्या. नवा पंप त्यानंतर बराच काळ नुसता उभा होता, आणि त्याचं बिल माझ्या सहीचं होतं.

दुपारच्या सत्रात दोन्ही शहरांतले व्हॉल्व्हमन बोलणार आहेत. कार्यक्रमपत्रिकेत त्यांना दहा मिनिटं दिली आहेत, मला तीस. माझी उरलेली त्यांना द्यावीत, आणि त्यांच्या खुर्च्या इथं वर, व्यासपीठावर मांडाव्यात, अशी संयोजकांना विनंती आहे.