बिभा नावाचा तारा



मघा म्हटले की आपल्याला पाऊस आठवतो. पण ऑगस्टात सूर्यच मघेत असतो, म्हणून तो तारा तेव्हा दिसायचा नाही. त्याला पाहायचे तर चैत्रात, रात्रीची जेवणे उरकली की अंगणात यावे. आपल्या नांदेड-लातूरकडे तो जवळजवळ डोक्यावर येतो. आता हात लांब करून मूठ धरा, आणि मघेपासून दक्षिणेला दीड मूठ खाली उतरा. काय दिसले? काहीच नाही ना? तिथेच आहे बिभा. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, चांगली दुर्बीण लागते.

त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे ३४० वर्षे लागतात. गुरू गोविंदसिंहजी १७०८ साली नांदेडला आले, त्याच्याही आधी हा उजेड तिथून निघालेला!

या ताऱ्याभोवती एक ग्रह फिरतो. २००६ साली हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीने त्याचा माग काढला. ग्रह स्वतः दिसला नाही बरे का. जत्रेत बाप पोराचे हात धरून गरगर फिरवतो, तेव्हा बापाचेही पाऊल मागेपुढे होतेच की नाही? तसा हा तारा डोलतो, सेकंदाला सुमारे दोनशे मीटर वेगाने. फलाटावर येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा ऐकू येतो, गाडी पुढे गेली की तोच उतरतो. ताऱ्याच्या उजेडातही असाच बारीक फरक पडतो. जवळ येताना किंचित निळ्याकडे, लांब जाताना तांबड्याकडे. तेवढ्यावरून ग्रहाचे वजन निघाले, आपल्या गुरूच्या निदान दीडपट! ताऱ्याला तो इतका चिकटून आहे की त्याचे वर्ष दोन दिवस आणि सव्वातीन तासांत संपते. गुरुजी, वर्गात हे गणित घाला: आपले दहा वर्षांचे पोर तिथल्या हिशेबाने किती वर्षांचे? सतराशेच्या वर. अशा भट्टीत पीकपाणी कुठले!

२०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला शंभर वर्षे झाली, तेव्हा देशोदेशीच्या लोकांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला मिळाला. ग्रहाचे 'संतमस', म्हणजे दाटलेला अंधार, हे नाव पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचवले. ताऱ्याला मिळाले बिभा चौधुरी यांचे. ही बाई १९१३ साली कलकत्त्यात जन्मली. देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर तिने दार्जिलिंगच्या डोंगरांत छायाचित्रणाच्या काचा उघड्या ठेवल्या आणि आकाशातून येणाऱ्या सूक्ष्म कणांच्या खुणा त्यांवर टिपल्या. पण दुसरे महायुद्ध चालू. हव्या तशा काचा मिळेनात. काम तिथेच अडले. पुढे तशाच कामाला, चांगल्या काचांवर केलेल्या, १९५० साली इंग्लंडच्या सेसिल पॉवेल यांना नोबेल मिळाले. बिभाताई मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक. १९९१ साली त्या गेल्या, तेव्हा फारशा कुणाला पत्ताही नव्हता.

तर येत्या चैत्रात अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. शाळेत दुर्बीण असेल तर उत्तम, नसली तर दीड मूठ मोजून पोरांना ती रिकामी जागा तरी दाखवा, आणि नाव सांगा.